सैनिक की विद्वान: समाजाला कोण जास्त लागतं?

कंदील:
परवा एका शालेय वादविवाद स्पर्धेला परीक्षक होतो. विषय होता, समाजाला सैनिकाची गरज जास्त की विद्वानाची. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. सैनिकाची चिठ्ठी निघालेली मुलं खूश आणि विद्वानाची निघालेल्यांची तोंडं एवढीशी! बोलतानाही तेच. सैनिकवाल्यांकडे प्रसंग होते, माणसं होती, तारखा होत्या. विद्वानवाल्यांकडे ‘ज्ञान हाच खरा प्रकाश’ छापाची वाक्यं. आर्किमिडीजच्या पुढे एकालाही दुसरं नाव सुचलं नाही. बक्षीस सैनिकवाल्यांना गेलं आणि ते योग्यच होतं.

माझं स्वतःचं मत मात्र उलटं आहे. सैनिक आहे ते राखतो, विद्वान नसलेलं निर्माण करतो. प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाने पिढ्यान्‌पिढ्या फक्त लढवय्ये घडवले. आज स्पार्टाचं आपल्याकडे काय आहे? आणि त्याच ग्रीसमधल्या अथेन्सचं काय नाही? लांबचा हिशेब मांडला तर पारडं विद्वानाकडे झुकतं. मग मान देताना आपण उलटं का करतो?

मुलांना लेखी अभिप्राय द्यायचा आहे, म्हणून हा धागा. हमरीतुमरीवर न येता लिहा.

चकवा:
पहिला! आता वाचतो.

पाचवा_वेताळ:
शस्त्रेण रक्षिते राष्ट्रे शास्त्रचिन्ता प्रवर्तते. म्हणजे शस्त्राने राष्ट्र राखलं तरच शास्त्राची चर्चा चालते. विषय संपला, धाग्याला कुलूप लावा.

अरुंधती_म:
वेताळा, इतक्यात झाडावर जाऊ नकोस. ते शस्त्र घडवतं कोण? मुलांना सुचलेलं एकच नाव घेऊ. रोमन सैन्य सिसिलीतल्या सिराक्यूज या त्याच्या शहराला वेढा घालून बसलं होतं आणि आर्किमिडीजच्या यंत्रांनी त्यांना तटाजवळ येऊ दिलं नाही. इ.स.पू. २१२ मध्ये शहर पडलं तेव्हा त्याला जिवंत ठेवा असं सेनापती मार्सेलसने बजावलेलं असूनही एका साध्या शिपायाने त्याला मारलं. म्हणजे जिंकणाऱ्या सेनापतीलाही त्याची किंमत कळत होती.

पाचवा_वेताळ:
आणि शहर पडलंच ना शेवटी? यंत्रं चांगली होती, पण सणाच्या रात्री तटावर पहारा ढिला पडला आणि रोमन आत शिरले. माझ्याच बाजूचा पुरावा दिल्याबद्दल आभारी आहे.

टोकाचा:
कंदील, स्पार्टाचं उदाहरण वाटतं तितकं सरळ नाही. अल्कमान आणि टिर्टियस हे कवी स्पार्टाचेच, इ.स.पू. सातव्या शतकातले. आणि अथेन्सचे विद्वान काही नुसते सावलीत बसून नव्हते. सॉक्रेटिस पोटिडिया, डेलियम आणि अँफिपोलिस या मोहिमांत ढाल-भाला घेऊन उभा राहिलेला आहे. इतिहासकार थ्युसिडिडीस तर सेनापतीच. इ.स.पू. ४२४ मध्ये स्पार्टाशी चाललेल्या युद्धात अँफिपोलिस हातचं गेलं म्हणून त्याला हद्दपार केलं. त्या हद्दपारीमुळे दोन्ही बाजूंची माणसं भेटली आणि सवडीने माहिती घेता आली, असं तो स्वतः लिहितो. तुम्ही ज्या दोन रांगा केल्यात त्या तिथे नव्हत्याच.

चकवा:
म्हणजे चांगला इतिहासकार हवा असेल तर आधी एक सेनापती हरायला पाहिजे. नोंद घेतली आहे.

सुभेदार_काका:
मी सैन्यात नोकरी केली, शाळा जेमतेम. या विषयावर भाषणं पुष्कळ ऐकली. त्यांत सैनिक म्हटलं की तो मरतच असतो. मेल्याशिवाय त्याची गोष्टच सुरू होत नाही. आम्ही बरेच जण जिवंत परत आलो, त्याला कोणाची हरकत नसावी.

खरं काम सांगू का? वाट बघणं. पहाऱ्यावर रात्र काढायची आणि सकाळी नोंदवहीत लिहायचं, ‘सर्व ठीक’. ज्या रात्री काही घडलं नाही ती रात्र जमली. आता न घडलेल्या गोष्टीवर भाषण कसं करणार? शिवाय लढणाऱ्याच्या मागे गाड्या चालवणारा, रसद मोजणारा, वायरलेस सेट दुरुस्त करणारा असे किती तरी जण असतात. मी त्यांतला, सेट दुरुस्त करणारा.

निवृत्तीनंतर एका कंपनीत मुलाखतीला गेलो. साहेब उभे राहिले, हात जोडले, म्हणाले, तुमच्यामुळे आम्ही शांत झोपतो. आणि काम दिलं फाटकावरचं. तुम्हाला काय येतं, हे कोणी विचारलंच नाही. कंदीलसाहेब, तुम्ही म्हणता आम्हाला मान जास्त मिळतो. मिळतो, खोटं नाही. पण तो गणवेशाला असतो. त्याच्या आतल्या माणसाला एखादी विद्या येत असेल, ही शंकाही कोणाला येत नाही. मला आमच्या उस्तादांनी सेट उघडून समोर ठेवून जे शिकवलं, तसं शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

अरुंधती_म:
काका, _/\_. हा प्रतिसाद त्या मुलांना वाचून दाखवा, कंदील.

सदाफुली:
काका, आमची तऱ्हा अशी की फाटकावरचं कामही कोणी देत नाही आणि हातही जोडत नाही. :) मी कीटकांच्या वर्गीकरणात काम करते. म्हणजे हा कीटक कोणता, त्या दुसऱ्यापासून वेगळा कशावरून, एवढंच. प्रत्येक समारंभात एक प्रश्न ठरलेला, ‘पण याचा उपयोग काय?’ पूर्वी मी उत्साहाने उत्तर द्यायचे. आता रॉसची गोष्ट सांगते.

रोनाल्ड रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता, म्हणजे लष्करी डॉक्टर. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला त्याला डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी दिसला. १९०२ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. पण तो डास नेमका कोणता, हे त्याला सांगता येईना! पंखांवर ठिपके असलेला डास, एवढंच तो लिहू शकला. कीटकशास्त्र त्याचा विषय नव्हता. पुढच्या वर्षी इटलीत ग्रास्सी या प्राणिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की माणसाला मलेरिया देतो तो अ‍ॅनोफिलीस. हे कळल्याशिवाय तुम्ही कोणत्या पाण्यावर औषध टाकणार? वेगवेगळे डास वेगवेगळ्या पाण्यात अंडी घालतात. ग्रास्सीला हे ओळखता आलं, कारण त्याच्या आधी कित्येक जणांनी बिनउपयोगाचे डास टाचणीला टोचून त्यांची वर्णनं लिहून ठेवली होती.

सैनिकाची गरज संकट दारात आलं की कळते. आमची कळते तेव्हा ज्याने वर्णन लिहिलं तो बहुधा हयात नसतो. पुढे रॉस आणि ग्रास्सी श्रेयावरून इतके भांडले की आपले धागे त्यापुढे काहीच नाहीत.

आणि हो, रॉसला कोणत्या रांगेत उभं करायचं?

पाचवा_वेताळ:
दोन्ही. पण पगार सैन्याच्या रांगेत उभा राहून घेत होता, हे विसरू नका.

डॉ_खडू:
इतिहास शिकवतो, त्यामुळे लांबण लावणार. माफी असावी.

‘कोण जास्त’ या प्रश्नाला माझ्या मते सर्वांत व्यवहारी उत्तर अरब इतिहासकार इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात देऊन ठेवलंय. तो म्हणतो, तलवार आणि लेखणी ही दोन्ही राज्यकर्त्याची साधनं. राज्य उभं राहत असताना आणि पुन्हा ते मोडकळीला आलं की तलवारीची गरज जास्त. मधल्या स्थिर काळात लेखणीची, कारण तेव्हा कर गोळा करायचा असतो, कायदे राबवायचे असतात, हिशेब ठेवायचे असतात. म्हणजे उत्तर काळावर अवलंबून. हा माणूस निव्वळ पुस्तकी नव्हता. दरबारात राहिला, तुरुंगातही गेला, आणि १४०१ मध्ये दमास्कसच्या वेढ्यात तटावरून दोरीने खाली उतरून थेट तैमूरला भेटला.

आता याची चाचणी घ्यायला चीनमधलं सोंग घराण्याचं राज्य बघा. ९६० मध्ये ते स्थापन करणारा झाओ क्वांगयिन स्वतः सेनापती. सैन्याने त्याला गादीवर बसवलं, म्हणूनच उद्या सैन्य दुसऱ्या कोणालाही बसवेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने सेनापतींना जमिनी आणि मानपान देऊन बाजूला केलं आणि कारभार परीक्षा देऊन आलेल्या विद्वानांच्या हाती गेला. पुढे काय बहर आला! छपाई वाढली, सुट्या अक्षरांच्या ठशांची छपाई अकराव्या शतकात तिथेच झाली. बंदुकीच्या दारूची लिखित सूत्रं १०४४ च्या त्यांच्याच लष्करी ग्रंथात आहेत. पण चांगल्या लोखंडाचे खिळे करत नाहीत आणि चांगल्या माणसाचा शिपाई करत नाहीत, ही म्हणही त्याच समाजातली. ११२७ मध्ये उत्तरेकडून आलेल्या जुरचेन लोकांनी राजधानी कायफंग घेतली आणि गादीवरच्या सम्राटाला, त्याच्या वडिलांसकट, पकडून नेलं. सूत्र कागदावर असून भागत नाही, ते रणात वापरणारा शिपाई मानाने वागवलेला असावा लागतो.

वेताळाने लगेच टाळ्या पिटू नयेत. जिंकलेल्या जुरचेनांना एवढा मुलूख चालवायला कारकून आणि न्यायाधीश लागले, आणि त्यांनीही परीक्षा सुरू केल्या.

पाचवा_वेताळ:
अर्धी टाळी वाजवली होती. ती मागे.

बाळबोध:
एक भाबडी शंका. सैन्यच नसलं तर? मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाने १ डिसेंबर १९४८ ला सैन्य बरखास्त केलं आणि १९४९ च्या राज्यघटनेत तसं लिहून टाकलं. ज्या छावणीच्या भिंतीवर हातोडा मारून ही घोषणा झाली तिथे आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. पैसा शाळांकडे वळवला. देश अजून जागेवर आहे.

टोकाचा:
जागेवर आहे, पण पुढचं पानही वाचा. जानेवारी १९५५ मध्ये शेजारच्या निकाराग्वातून सशस्त्र टोळ्या आत घुसल्या, तेव्हा अमेरिका खंडातल्या देशांची संघटना धावून आली आणि अमेरिकेने लढाऊ विमानं नाममात्र किमतीला दिली. स्वतःचा सैनिक नाही म्हणजे सैनिकच नाही असं होत नाही, तो दुसऱ्याच्या घरचा असतो.

बाळबोध:
मान्य. पण तो दुसऱ्याच्या घरचा सैनिक बोलावण्याइतके संबंध राखणं ही विद्याच की.

खलाशी_नसलेला:
बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. या वादात माझी आवडती घटना कोणीच आणली नाही.

दुसरं महायुद्ध. ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या गुप्त संदेश फोडण्याच्या केंद्रातले गणिती जर्मन पाणबुड्यांचे संदेश उलगडत होते. पायाभूत काम पोलिश गणितज्ञांनी १९३२ पासूनच केलेलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मनांनी अटलांटिकमधल्या पाणबुड्यांच्या एनिग्मा या संदेश सांकेतिक करणाऱ्या यंत्रात चौथं चक्र घातलं आणि ब्लेचलीत अंधार. ट्युरिंगसारखा गणिती होता, यंत्रं होती, बुद्धी तीच होती, पण कित्येक महिने काही हाती लागेना आणि इकडे जहाजं बुडत होती.

३० ऑक्टोबर १९४२ च्या रात्री भूमध्य समुद्रात ब्रिटिश विनाशिका पेटार्डने यू-५५९ ही पाणबुडी वर यायला भाग पाडलं. जर्मन खलाशी ती सोडून पाण्यात उतरले, ती बुडायला लागली होती. लेफ्टनंट टोनी फॅसन आणि खलाशी कॉलिन ग्रेझिअर आत शिरले आणि अंधारात, पाणी भरत असताना, कागद बाहेर देत राहिले. ते कागद घेणारा टॉमी ब्राउन हा जहाजावरच्या कॅन्टीनमधला सोळा वर्षांचा पोरगा, वय खोटं सांगून आलेला. पाणबुडी अचानक खाली गेली. ब्राउन वाचला, आतले दोघे तिच्याबरोबर गेले.

त्या कागदांत हवामानाचे संदेश पाठवायची संक्षिप्त संकेतवही होती. तिच्या आधारावर डिसेंबरमध्ये ब्लेचलीला पुन्हा वाट सापडली.

आता यात जास्त मोलाचं कोण, ते कंदील यांनी सांगावं. गणिती नसते तर ते कागद म्हणजे ओली रद्दी. आणि ते दोघे आत शिरले नसते तर गणिती कोऱ्या भिंतीकडे बघत बसले असते. आपण कशासाठी आत शिरतोय, हे त्या दोघांना पूर्ण माहीत असणंही शक्य नव्हतं. गुप्ततेमुळे ब्लेचलीचं काम लोकांपुढे यायला १९७० चं दशक उजाडलं. तोवर ट्युरिंगला १९५२ मध्ये समलिंगी संबंधांवरून शिक्षा होऊन १९५४ मध्ये तो गेलाही होता. सैनिकाला निदान मरणोत्तर पदक मिळालं, विद्वानाला खटला.

चकवा:
जबरदस्त! पण कॅन्टीनचा पोरगा कोणाच्या बाजूला धरायचा? सैनिक नाही, विद्वान तर नाहीच.

सदाफुली:
चकवा, तू गंमत करतोयस पण प्रश्न चांगला आहे. बाजूला ठेव, लागेल.

अरुंधती_म:
मी विद्वानांच्या बाजूने सुरुवात केली होती, आता त्यांचं दुसरं खातंही उघडते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करायची पद्धत याचीच. तिच्यावर निघणाऱ्या खतांवर आज जगातली जवळपास निम्मी माणसं जेवतात असं मानतात. आणि पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर विषारी क्लोरीन वायू सोडण्यामागेही हाच. काही दिवसांत त्याच्या बायकोने, क्लारा इमरवारने, आत्महत्या केली. तीही रसायनशास्त्रज्ञ होती. अमोनियासाठी त्याला १९१८ चं नोबेल मिळालं.

तो एकटा नव्हता. ऑक्टोबर १९१४ मध्ये ९३ जर्मन विद्वानांनी आपल्या सैन्याची पाठराखण करणारं जाहीर पत्रक काढलं. त्याच सैन्याने ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं होतं. सह्या करणाऱ्यांत प्लांक, रॉन्टगेन असे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. ग्रंथालय जळालं तरी सही! आइन्स्टाइनने उलट बाजूच्या पत्रकावर सही केली, तिथे मोजून चार माणसं होती. तेव्हा विद्वान म्हणजे शंका घेणारा आणि सैनिक म्हणजे मान डोलावणारा, ही वाटणी मला पटत नाही.

टोकाचा:
याला जोड म्हणून शंका घेणारा सैनिक. २६ सप्टेंबर १९८३, सोव्हिएत लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव. उपग्रहावरची यंत्रणा सांगतेय, अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघालीत. याने वर कळवलं, इशारा खोटा आहे. हल्ला करायचाच तर कोणी पाचच का सोडेल, हा त्याचा तर्क. खरोखर खोटाच होता. ढगांवरून परतलेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्र वाटलं. याला बक्षीस नाहीच, वर नोंदवही नीट भरली नाही म्हणून बोलणी.

सुभेदार_काका:
नोंदवहीचं वाचून हसू आलं. सैन्य सगळीकडे सारखंच.

पण लोक याला ‘हुकूम मोडणारा’ म्हणतात ते मला तितकंसं बरोबर वाटत नाही. हुकूम पाळायला शिकवतात हे खरं, पण त्याआधी खबर खरी द्यायला शिकवतात. पहाऱ्यावरचा माणूस घाबरून सावलीला शत्रू म्हणाला तर पूर्ण तुकडी उठते, गोळी सुटते, आपलाच माणूस जातो. जे दिसलं तेवढंच सांगायचं आणि जे नक्की नाही ते नक्की नाही म्हणून सांगायचं, हे पहिल्या महिन्यात घोटून घेतात. सदाफुलीताई, तुमच्या कीटकांतही हेच असेल ना?

सदाफुली:
अगदी हेच, काका. आमच्याकडे त्यासाठी पदवी देतात, एवढाच फरक.

कंदील:
धागा अपेक्षेपेक्षा कुठल्या कुठे गेला, मजा आली. लांबच्या हिशेबात विद्वान, या मतावर मी अजूनही आहे. पण मान का उलटा मिळतो याचं उत्तर काकांच्या आणि सदाफुलींच्या प्रतिसादांत मिळालं. एकाचं यश दिसत नाही आणि दुसऱ्याचं उशिरा दिसतं, म्हणून लोक दोघांच्या मरणाला किंवा बक्षिसाला टाळ्या वाजवतात. मुलांना लिहिणार आहे की विद्वानाच्या बाजूने बोलायचं तर प्रकाशबिकाश सोडा, ग्रास्सीचा डास सांगा.

एकच अडतंय. एका मुलीने मला नंतर विचारलं, युद्ध झालंच तर विद्वानांना आघाडीवर पाठवावं का? मी टाळलं. तुम्ही काय सांगितलं असतं?

डॉ_खडू:
मोझ्ली. क्ष-किरणांनी मूलद्रव्यांचा अणुक्रमांक मोजून आवर्तसारणीला खरा पाया देणारा पोरगा. १० ऑगस्ट १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत गोळी लागून गेला, वय २७. स्वतःहून भरती झाला होता. त्याच्यासारख्याला तिथे धाडणं म्हणजे उधळपट्टी, असं भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डने जाहीर लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने शास्त्रज्ञांना राखीव व्यवसायात ठेवलं. मी म्हणतो, पाठवू नये.

सुभेदार_काका:
खडूसर, तुमचा आदर ठेवून बोलतो. मोझ्लीसाहेब गेले तेव्हा काय गेलं हे जगाला कळलं, कारण त्यांचं काम आधी छापून आलं होतं. त्याच किनाऱ्यावर विशीच्या आतली कितीतरी पोरं पडली असतील. त्यांच्यात कोण निघाला असता ते कोण सांगणार? ज्याला शाळा मिळाली तो राखीव आणि ज्याला मिळाली नाही तो आघाडीवर, असा नियम करणार असाल तर आधी शाळा सगळ्यांना द्या आणि मग बोला.

डॉ_खडू:
काका, यावर उत्तर नाही माझ्याकडे. त्या मुलीला मी दोन्ही बाजू सांगितल्या असत्या.

अरुंधती_म:
+१ काका.

टोकाचा:
राखीव व्यवसायांची यादी फक्त शास्त्रज्ञांची नव्हती बरं. रेल्वेवाले, शेतमजूर, खाणकामगार असे बरेच होते. खाणीत तरीही माणसं कमी पडली, तेव्हा डिसेंबर १९४३ पासून ब्रिटनमध्ये सैन्यात भरती होणाऱ्या पोरांची चिठ्ठी काढायला लागले. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा जुळला की रवानगी थेट कोळशाच्या खाणीत. त्यांना बेव्हिन बॉइज म्हणत. गणवेश नाही, पदक नाही, आणि रस्त्यात लोक विचारणार, धडधाकट दिसतोस, मग सैन्यात का नाहीस? युद्ध संपल्यावरही कित्येकांना लगेच सोडलं नाही. सरकारने त्यांना बिल्ला दिला तो एकविसाव्या शतकात. आणि तो कोळसा नसता तर ना कारखाने चालले असते, ना जहाजांसाठी पोलाद.

सदाफुली:
चकवा, तुझा कॅन्टीनवाला पोरगा काढ आता बाहेर.

चकवा:
काढला. कंदीलराव, पुढच्या वर्षी डब्यात तिसरी चिठ्ठी टाका, ‘खाणकामगार’. ती ज्याला निघेल त्याचं भाषण ऐकायला मी स्वखर्चाने येतो.